१३५ मृत्यू, ७६ कारणे

ऑक्टोबर १९९२ ते डिसेंबर २००९ या काळात मोकळ्या आभाळात फिरणारे १३५ कॅलिफोर्निया काँडोर मेले. त्यांपैकी ९८ पक्ष्यांचे अवशेष तपासणीसाठी आले आणि ७६ मृत्यूंचे कारण निश्चित झाले. हे पक्षी साधे नव्हते. पंखावर क्रमांक, अंगावर ट्रान्समीटर, एकेकाची नोंदवही. तरीही दर शंभर मृत्यूंमागे ४४ नोंदी ‘अज्ञात’ राहिल्या.

हे अज्ञात ५९ मृत्यू दोन प्रकारचे आहेत. ३७ पक्षी तपासणीच्या टेबलापर्यंत आलेच नाहीत. २२ आले, पण उत्तर देऊ शकले नाहीत. वन्यप्राण्यांच्या मृत्यूचे कारण शोधण्यासाठी एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय वापरावे की नाही, ही चर्चा या २२ पुरती आहे. यंत्र कितीही चांगले असले तरी उरलेले ३७ त्याच्या आवाक्यात येत नाहीत, आणि ३७ म्हणजे अज्ञातांतले ६३ टक्के.

कारण कळलेल्या ७६ पैकी ५३ मृत्यू, म्हणजे ७० टक्के, माणसामुळे झाले होते. वयानुसार चित्र बदलते. घरट्यातल्या ११ पिलांपैकी ८ पोटात गेलेल्या कचऱ्याने मेली. ५० तरुण पक्ष्यांपैकी १३ आणि १५ प्रौढांपैकी १० शिशाच्या विषबाधेने मेले. शिसे आले ते बंदुकीच्या गोळ्यांतून: शिकाऱ्याने मारून टाकलेल्या जनावराचे मांस खाताना गोळीचे तुकडे पोटात जातात. एक्स-रेमध्ये हे तुकडे पांढरे ठिपके म्हणून दिसतात. पण तुकडा विरघळून किंवा पोटातून पुढे निघून गेला असेल तर चित्र कोरे येते आणि विष रक्तात, यकृतात राहते. त्यामुळे शिशाचा निकाल यंत्र देत नाही, प्रयोगशाळा देते. यंत्र फक्त सांगते की कुठे पाहा.

मृतदेह न उघडता आतून पाहण्याची पद्धत माणसांसाठी घडली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी तिला ‘व्हर्टॉप्सी’ हे नाव दिले. २००३ मध्ये त्यांनी पहिल्या ४० प्रकरणांचा हिशेब मांडला. शवविच्छेदनात मृत्यूची ४७ कारणे सापडली होती. नुसत्या सीटी आणि एमआरआयच्या चित्रांवरून त्यांतली २६ ओळखता आली. प्रमाण ५५ टक्के. पद्धतीची सुरुवात म्हणून हा आकडा चांगला आहे. शवविच्छेदन बंद करावे, असे मात्र तो सांगत नाही.

२०१२ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर आणि ऑक्सफर्ड इथला १८२ मृतदेहांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. शवविच्छेदनाशी ताडून पाहता सीटीने काढलेल्या कारणात ३२ टक्के वेळा मोठी तफावत होती, एमआरआयने काढलेल्या कारणात ४३ टक्के वेळा. महागडे यंत्र मागे पडले, ही या अभ्यासातली पहिली अनपेक्षित गोष्ट. दुसरी अधिक उपयोगाची आहे. सीटीची चित्रे पाहणाऱ्या डॉक्टरांनी ३४ टक्के प्रकरणांत ‘कारण स्पष्ट आहे, विच्छेदनाची गरज नाही’ असा शेरा दिला होता. तेवढ्या गटात तफावत १६ टक्क्यांवर आली, म्हणजे एकूण तफावतीच्या निम्मी. आपल्याला कधी खात्री आहे आणि कधी नाही, हे वाचणाऱ्याला बऱ्यापैकी कळत होते. चुका जिथे झाल्या ती ठिकाणेही ठराविक निघाली: हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार २७ वेळा, पोटातले विकार १६ वेळा, न्यूमोनिया १३ वेळा, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी ११ वेळा.

हे टक्के जसेच्या तसे रानात नेता येत नाहीत. माणसे प्रामुख्याने हृदयविकाराने मरतात आणि सीटी तिथेच चुकते. रानातली जनावरे गाडीखाली, गोळीने, तारेच्या फासात, विजेच्या झटक्याने, विषाने, उपासमारीने आणि साथीने मरतात. म्हणून यंत्र किती टक्के बरोबर, या प्रश्नाआधी त्या प्रदेशात जनावरे कशाने मरतात हे विचारावे लागते.

सीटीच्या चित्रात प्रत्येक बिंदूला घनतेचा एक अंक असतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १,०००, चरबीला उणे १०० च्या आसपास, स्नायूला साधारण अधिक ५०, टणक हाडाला १,००० किंवा त्याहून जास्त. धातू त्याच्याही पुढे. मृत्यूच्या कारणांची यादी या पट्टीवर ठेवली की यंत्राचा आवाका कळतो. गोळी, छर्रा, मासेमारीचा गळ, मोडलेले हाड, छातीत शिरलेली हवा ही पट्टीच्या दोन टोकांची कारणे आहेत आणि ती चुकत नाहीत. उपासमार चरबीच्या जाडीवरून मोजता येते. कीटकनाशक, विषाणू आणि वीज यांना मात्र अंकच नाही. प्लास्टिक मध्ये कुठेतरी आहे: त्याची घनता आजूबाजूच्या मांसाहून, अन्नाहून फारशी वेगळी नसते, त्यामुळे साध्या एक्स-रेमध्ये ते बहुधा निसटते. थायलंडमधले मरियम नावाचे ड्यूगाँगचे, म्हणजे समुद्रगायीचे, पिल्लू ऑगस्ट २०१९ मध्ये मेले. आतड्यातले प्लास्टिकचे तुकडे विच्छेदनात हाती लागले.

दिसले म्हणजे तेच कारण, असे धरण्याचा मोह इथे सर्वांत धोक्याचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या पूर्व कालिमंतानमध्ये एक ओरांगउटान मेला. एक्स-रेमध्ये एअरगनचे किमान १३० छर्रे दिसले. मार्च २०१९ मध्ये सुमात्रात ‘होप’ नाव मिळालेली मादी सापडली. तिच्या अंगात ७४ छर्रे होते. तिचे डोळे गेले, पिल्लू गेले, पण ती जगली. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात येणाऱ्या बेविक हंसांचे जिवंतपणी एक्स-रे काढले गेले तेव्हा ३१.२ टक्के हंसांच्या अंगात छर्रे निघाले, हूपर हंसांत १३.६ टक्के. हे हंस कायद्याने संरक्षित आहेत आणि एक्स-रे काढण्याआधी ते पोहत, उडत होते. समजा उद्या असा एखादा बेविक हंस विजेच्या तारेला धडकून मेला आणि एक्स-रेमध्ये छर्रा दिसला. शिकारीची नोंद करणारा मोठी चूक करील. छऱ्याभोवती जुनी गाठ धरली आहे की ताजा रक्तस्राव आहे, हे पाहिल्याशिवाय त्या पांढऱ्या ठिपक्याला अर्थ नाही.

समुद्री सस्तन प्राण्यांत हीच अडचण हवेच्या बुडबुड्यांची आहे. मार्च २००० मध्ये बहामात १७ देवमासे-डॉल्फिन किनाऱ्याला लागले आणि ७ मेले. मेलेल्यांपैकी काहींच्या डोक्यांचे सीटी स्कॅन झाले आणि आतल्या कानात, मेंदूभोवती रक्त दिसले. अमेरिकी नौदलाचा त्या भागातला सोनारचा वापर चर्चेत आला तो या पुराव्यासह. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांवर नौदल सरावाच्या वेळी १४ चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागले. त्यांच्या ऊतींत वायूचे बुडबुडे आढळले आणि पाणबुड्यांना होणाऱ्या विकारासारखे काही घडले असावे, असा निष्कर्ष पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आला. मग २०१२ मध्ये दुसरा आकडा आला. किनाऱ्यावर अडकलेल्या २३ जिवंत डॉल्फिनची सोनोग्राफी केली, तर २२ जणांत बुडबुडे होते. बुडबुडा ही जवळजवळ सगळ्यांचीच स्थिती निघाली. शिवाय प्रेत कुजताना जीवाणूही वायू तयार करतात आणि चित्रात तो अगदी तसाच काळा दिसतो. फरक कळतो तो वायूच्या घटकांवरून: हायड्रोजन सापडला तर कुजणे सुरू झाले आहे. म्हणजे पुन्हा प्रयोगशाळा.

महाराष्ट्राकडे वळू. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नोंदींनुसार २०१२ पासून जुलै २०२२ पर्यंत देशात १,०५९ वाघ मेले. मध्य प्रदेशात २७०, महाराष्ट्रात १८३, कर्नाटकात १५०. महाराष्ट्राचा वाटा १७ टक्के. २०२२ च्या गणनेत देशातल्या ३,६८२ वाघांपैकी महाराष्ट्रात ४४४ होते, म्हणजे १२ टक्के. मृत्यूंतला वाटा संख्येतल्या वाट्याहून पाच अंकांनी मोठा आहे. याचे दोन अर्थ निघतात: इथे वाघ जास्त मरतात, किंवा इथे मेलेले वाघ जास्त सापडतात. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात वाघ शेतांपर्यंत फिरतात आणि शेतातला मृतदेह दडून राहणे कठीण असते, म्हणून दुसरा अर्थ मी बाजूला टाकणार नाही. महाराष्ट्रातले वाघ २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ होते. आठ वर्षांत १३४ टक्के वाढ झाली, तेव्हा मृत्यूही वाढणारच.

प्राधिकरणाचा नियम असा की वाघाचा प्रत्येक मृत्यू शिकार समजायचा, तसे नाही हे सिद्ध होईपर्यंत. त्यामुळे पंचनामा, विच्छेदन आणि राखून ठेवलेला व्हिसेरा यांच्यावर पुराव्याचा सगळा भार येतो. २०१७ मधले दोन वाघ शेजारी ठेवून पाहावेत. एप्रिलमध्ये नागभीडजवळ श्रीनिवास नावाचा वाघ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला आणि पुरला गेला. डिसेंबरमध्ये बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. बाजीरावसारख्या मृत्यूत सीटी स्कॅन हाडांची मोडतोड आणि धडकेची दिशा काही मिनिटांत दाखवू शकते. श्रीनिवाससारख्या मृत्यूत ते जवळजवळ निरुपयोगी: विजेची खूण त्वचेवरच्या भाजण्यात असते आणि ती डोळ्याने, सूक्ष्मदर्शकाने शोधावी लागते. श्रीनिवासचा छडा लागायला मदत झाली ती गळ्यातल्या रेडिओ कॉलरची. त्याचा बाप जय एप्रिल २०१६ पासून उमरेड-कऱ्हांडल्यातून बेपत्ता आहे. तो काँडोरच्या हिशेबातल्या ३७ मधला. त्याच्यासाठी टेबलच लागले नाही.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात बोराटीजवळ टी-१, म्हणजे अवनी वाघीण गोळीने मेली. विच्छेदन नागपूरच्या गोरेवाड्यातल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात झाले. मृत्यूचे कारण कोणाला विचारायचे नव्हते. वाद गोळी कोणत्या बाजूने शिरली आणि भुलीची सुई गोळीआधी लागली की नंतर, याचा होता. पहिला प्रश्न थेट सीटीचा आहे: गोळीचा मार्ग, हाडाच्या चिरफळ्या कोणत्या दिशेला गेल्या, हे त्रिमितीत मोजता येते, आणि ते चित्र वर्षानंतरही न्यायालयात पुन्हा उघडून पाहता येते. एकदा उघडलेले शरीर तसे परत मिळत नाही. दुसरा प्रश्न औषधाच्या प्रमाणाचा आणि सुईभोवतीच्या रक्तस्रावाचा. त्याला यंत्र लागत नाही.

त्याच गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला उत्तर आले: एच५एन१, बर्ड फ्लू. सीटीने कदाचित फुप्फुसातला न्यूमोनिया दाखवला असता. तो कशामुळे झाला, हे दाखवले नसते. गिधाडांचा धडाही हाच. पाकिस्तानात तपासलेल्या २५९ गिधाडांपैकी ८५ टक्क्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा थर होता. असा थर असलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडले, थर नसलेल्या १३ पैकी शून्य. २००४ मध्ये हे छापून आले, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तोपर्यंत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. आशिया खंडातल्या वन्यजीव रोगनिदानातले हे सर्वांत परिणामकारक उत्तर ‘२५ पैकी २५, १३ पैकी ०’ एवढेच आहे आणि त्यात एकही स्कॅन नाही.

मग यंत्र कुठे लावावे? माझे उत्तर: बिबट्यासाठी आणि डॉल्फिनसाठी आधी. महाराष्ट्रात २०२२ च्या अंदाजानुसार १,९८५ बिबटे आहेत, वाघांच्या साडेचार पट. ४०-७० किलोचे जनावर माणसाच्या यंत्रात सहज मावते, आणि रस्ता, फास, छर्रे ही त्याच्या मृत्यूची कारणे यंत्राला दिसणारी आहेत. हाँगकाँगमध्ये २०१४ पासून किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिन आणि पंखहीन पॉरपॉइजांचे विच्छेदनाआधी सीटी स्कॅन केले जाते. क्रम महत्त्वाचा: आधी स्कॅन, मग सुरी. आधी सुरी लावली की हवा आत शिरते आणि चित्र बिघडते. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर दिसणारा कुबड असलेला डॉल्फिन बहरीनच्या पाण्यातही आहे, जात तीच. म्हणून यंत्राचा हा प्रश्न तिथेही नेऊन पाहू.

बहरीनमध्ये मात्र मोठा प्रश्न डॉल्फिनचा नाही, ड्यूगाँगचा आहे. अरबीत त्याला समुद्राची गाय म्हणतात, आपणही समुद्रगाय म्हणतो. जनाबिया हे बहरीनच्या वायव्य किनाऱ्यावरचे गाव. सौदी अरेबियाकडे जाणारा २५ किलोमीटरचा किंग फहद पूल त्याच्या जवळून समुद्रात शिरतो. पूल नोव्हेंबर १९८६ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी विमानातून केलेल्या पाहणीत बहरीन आणि कतार यांच्यामधल्या पाण्यात ६७४ ड्यूगाँगांचा एकच कळप मोजला गेला. आखातातल्या पाहणी झालेल्या भागाचा अंदाज निघाला ५,८४०, अधिक-उणे ९०३.

या आकड्यांतली विसंगती पाहण्यासारखी आहे. एका कळपात अंदाजाच्या साडेअकरा टक्के जनावरे होती, आणि तरीही तो कळप अंदाजातल्या ९०३ च्या फरकाहून लहान होता. सगळा कळप नाहीसा झाला असता तरी पुढच्या गणनेतून ते खात्रीने सांगता आले नसते. संख्या मोजून धोका कळत नसेल तर मृतदेह मोजावे लागतात. ड्यूगाँगची मादी साधारण तीन ते सात वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते; सर्व काही ठीक असतानाही कळप वर्षाला पाच टक्क्यांहून फारसा वाढत नाही. माणसामुळे होणारे प्रौढ माद्यांचे मृत्यू वर्षाला एक-दोन टक्क्यांच्या पुढे गेले की घट सुरू होते. ढोबळ हिशेब म्हणून ५,८४० चा एक टक्का काढला तर ५८ येतात. १९८३ मध्ये आखातातल्या नौरूझ तेलक्षेत्रातल्या गळतीच्या काळात तीन डझनांहून अधिक ड्यूगाँग मेलेले सापडले होते. ५८ ची मर्यादा आणि ३६ च्या पुढची मोजदाद यांत अंतर किती थोडे आहे, हे बघताना ‘सापडले’ या शब्दाकडेही लक्ष हवे.

जनाबियाच्या वाळूवर ड्यूगाँग आला तर स्कॅनचे काय? प्रौढ ड्यूगाँग अडीच ते तीन मीटर लांब आणि २५० ते ४०० किलो वजनाचा असतो. रुग्णालयातल्या सीटीचे टेबल साधारण २०० ते ३०० किलो पेलते, छिद्र ७० सेंटिमीटरचे. पिल्लू मावते; प्रौढासाठी घोड्यांच्या रुग्णालयासारखे टेबल लागते, नाहीतर बहामासारखे डोके वेगळे करून स्कॅन करावे लागते. दुसरी अडचण हाडांची. समुद्रगायीच्या बरगड्या पोकळ नसतात, आतपर्यंत भरीव असतात. बुडी मारायला ते वजन उपयोगी पडते. साध्या एक्स-रेला त्या जाड भिंतीसारख्या आड येतात. पण नावेची धडक बसली की त्या चिनी मातीच्या भांड्यासारख्या तडकतात, आणि तो तडा सीटीत स्पष्ट दिसतो. तिसरी अडचण सर्वांत मोठी: आखातात ड्यूगाँगचा मुख्य शत्रू मासेमारीचे जाळे आहे. जाळ्यात गुदमरलेल्या जनावराच्या आत दाखवण्यासारखे थोडेच असते. खूण असते ती कातडीवर, दोरीच्या वळाची, आणि ती उन्हात सुकते.

ड्यूगाँगचा नातेवाईक, फ्लोरिडातला मॅनटी, याच्या नोंदी तुलनेला उपयोगी आहेत. २०२० मध्ये ६३७ मॅनटी मेले, २०२१ मध्ये १,१००. वाढ ७३ टक्के. मुख्य कारण समुद्री गवत नष्ट झाल्याने झालेली उपासमार. पण २०२१ मधल्या निम्म्याहून अधिक मृतदेहांचे विच्छेदन झालेच नाही. प्रेते इतकी होती की हात पुरले नाहीत. काँडोरमध्ये टेबलापर्यंत न आलेले २७ टक्के होते, इथे ५० टक्क्यांहून जास्त.

म्हणून जनाबियात यंत्राच्या आधी लागणाऱ्या गोष्टी स्वस्त आहेत. मृतदेह प्रथम पाहणाऱ्या कोळ्याला कळवता येईल असा एक फोन क्रमांक, लांबी मोजायला फीत, कातडीवरच्या वळांचे चारही बाजूंनी फोटो, आणि बर्फ. समुद्री प्राण्यांच्या मृतदेहांना १ ते ५ असा ताजेपणाचा क्रम देतात: १ जिवंत, २ ताजा, ५ सुकलेला किंवा नुसता सांगाडा. स्कॅनमधली हवा विश्वासाने वाचता येते ती क्रम २ मध्ये. बहरीनच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास असतो, आणि सकाळी क्रम २ मध्ये असलेले जनावर त्याच दिवशी पुढच्या क्रमात जाऊ शकते. हिवाळ्यात, म्हणजे ६७४ चा कळप मोजला गेला त्या ऋतूत, हाताशी थोडा अधिक वेळ असतो.